मामीच्या धुऱ्यावरची बुरशी

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला, की मी आधी नुसतं "बॉटनी" म्हणते आणि चहाचं बघते. कारण पुढचा प्रश्न मला पाठ आहे. बुरशी? म्हणजे लोणच्यावर येते ती? मग मला राग येतो, राग आला की मी समजावत बसते, आणि समोरचा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागतो. अमरावती आणि अकोला मिळून असं पुष्कळांच्या बाबतीत झालंय. माझी सख्खी आईसुद्धा त्यात आहे.

तर लोणच्यावरची ती वेगळी. माझी बुरशी झाडांच्या मुळांवर राहते. मुळांच्या बारीक टोकांवर ती मोज्यासारखी चढते, तिचे धागे मातीत लांबवर जातात, तिथून झाडाला पाणी आणि स्फुरद आणून देतात, आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. शास्त्रात याला एक्टोमायकोरायझा म्हणतात, पण हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही, घाबरू नका. माझं काम एवढंच होतं, की या बुरशीला झाडापासून वेगळं काढायचं, काचेच्या बशीत वाढवायचं, आणि काय खायला दिलं की ती सगळ्यांत जास्त वाढते ते शोधायचं. कोणती साखर, कोणतं नत्र, किती. एका वाक्यात मावणारा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला मिळालं, ते बरोबरही आहे, आणि ते मिळेपर्यंत माझ्या मामांचं जे उरलंसुरलं होतं ते माझ्या हातातून निसटून गेलं होतं.

मामांचं गाव तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांना वाटतं आम्ही वाढवून सांगतो. जमीन काळीभोर, बघताना डोळे निवतात, पण खाली जे पाणी लागतं त्याला गुरंही तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा, पावसाळ्यात चिखल चप्पल ठेवून घेतो आणि पाय तेवढा परत देतो. कपाशी होते, मूग होतो, हरभरा होतो. झाड म्हणाल तर बाभळीशिवाय काही टिकत नाही. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि मामांचा धुरा आमच्या लहानपणी पाटीसारखा साफ होता. जेवायला बसायचं तर बैलगाडीखाली.

मामा प्राथमिक शाळेत मास्तर. बरीचशी नोकरी अचलपुरात झाली. एका वर्षी रोपं वाटणारी गाडी आली आणि मामा-मामींनी निलगिरीची रोपं घेऊन शेत गाठलं. मामांनी आपल्या वाटणीची रोपं अगदी पुस्तकाप्रमाणे लावली. खड्डे मोजून, शेणखत घालून, वर खताचा हप्ता. मामींना ती दगडासारखी जमीन खणवेना. त्यांनी शाळेच्या आवारातल्या जुन्या निलगिरींखालची भुसभुशीत माती पोत्यात भरून आणली होती. ती उथळ खड्ड्यांत भरली आणि तिच्यात रोपं खोचून दिली. शास्त्रबिस्त्र काही नाही, हात दुखत होते म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात मामांची सगळी रोपं वाळली. मामींची रांग उभी राहिली. मामी जाईल तिथे सांगायच्या, "मास्तरची पोरं नापास झाली, माही पास!" मामा हसायचे आणि चष्मा पुसायचे.

मामी मोठ्या आग्रही बाई. त्यांच्या पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला, तर वरण त्या हातावर पडायचं. पाहुणा उठताना धापा टाकत नसेल तर त्यांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. आम्ही सगळी त्याच घरातली. पोट भरलं म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास नसतो.

मी अमरावतीला संशोधनाला लागले तेव्हा मामींचं डोकं विसरायला लागलं होतं. आधी भांडी कुठे ठेवली ते, मग भाचरांची नावं, मग वार. अकोल्याच्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे उतरत जाणार, चढणार नाही. शेवटी शेवटी त्यांना मामाच ओळखू येईनात. मामांकडे बोट करून मामांनाच विचारायच्या, "हे मास्तर कोन हायत जी? याहिले जेवाले वाढलं का?" मामा म्हणायचे, "वाढलं, वाढलं." मग वाटी घेऊन त्यांना भरवायला बसायचे. खाणं मात्र मामींचं चोख राहिलं. पुढे केलेला घास त्या खायच्या, अंगानं भरल्या होत्या, गालावर तकाकी होती. बघायला येणारे म्हणायचे, तब्येत छान आहे हो. मामा एवढंच म्हणायचे, "जेवते बराबर."

त्या पावसाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. पाऊस उघडला होता. मामांनी मामींना धुऱ्यावर निलगिरीखाली बाज टाकून बसवलं होतं. आणि त्या बाजेच्या पायाशीच ती उगवलेली होती. वाळलेल्या शेणाच्या गोळ्यासारखी, काळपट, अर्धी मातीत. कुणी लाथ मारावी अशीच दिसते ती. फोडली तर आत पिवळे दाणे, आणि जुनी असेल तर नुसती तपकिरी भुकटी, जी कपड्याला लागली की जन्मभर राहते. मी आनंदानं अक्षरशः ओरडले. मामी बाजेवरून म्हणाल्या, "हे नोको खाऊ, बाई. ह्या सात्या नोहेत." सात्या म्हणजे आमच्याकडच्या पावसाळी रानअळंब्या, त्यांची भाजी करतात. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, सात्या आठवत होत्या. मी म्हटलं, "नाई खात, मामी." त्या म्हणाल्या, "मंग जेवून जा."

अमरावतीला आणून मी त्या गोळ्यांच्या आतला ताजा गाभा सुईनं काढला आणि बशांमध्ये ठेवला. अगर म्हणजे चायना ग्राससारखी खळ, तिच्यात थोडी साखर, थोडे क्षार. बहुतेक बशा काळ्या बुरशीनं खाल्ल्या, ती तर आमच्या हवेतच आहे. एका बशीत मात्र पिवळसर कापसाचा ठिपका दिसला. तो ठिपका रुपयाएवढा व्हायला किती दिवस लागले ते विचारू नका, मी तोवर दोनदा रडून घेतलं होतं. त्या पहिल्या बशीतलं अन्न अगदी पातळ होतं, उपासाच्या भगरीसारखं. मी तो तुकडा काचनळीत निलगिरीच्या रोपाच्या मुळाशी ठेवला, आणि काही महिन्यांनी मुळं धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्रत्येक टोकाला सोनेरी मोजा चढला होता. त्याची काचपट्टी करून मी जपून ठेवली. इतकं देखणं मी आयुष्यात फार कमी पाहिलंय.

तोवर मामी गेल्या होत्या. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर धुऱ्यावर बसून मी मामांना सांगितलं, की मामींची झाडं कशानं जगली. शाळेच्या मातीत ही बुरशी होती. ती मुळांना धरून बसली, म्हणून बहुधा त्या खाऱ्या जमिनीत झाडं तगली. तुमच्या मातीत ती नव्हती. मामा हसले.

"म्हंजे मी नापासच."

"तसं नोहे, मामा."

"नाई, नापासच. थे खरंच म्हने." मग धुऱ्याच्या उघड्या टोकाकडे बघत, "हे बुरशी तुह्यापाशी हाय ना? मंग आनखी झाडं होतीन इथं? पुरा धुरा?"

मी म्हटलं, होतील. त्या क्षणी मला ते अगदी सोपं वाटलं होतं. रोपं वाढवायची, मुळाशी बुरशी द्यायची, लावायची. मामांना पुरा धुरा मामींच्या झाडांनी भरलेला हवा होता, आणि तो मी देणार होते. इतकं साधं होतं ते.

मग खाऊ घालण्याचे दिवस आले. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, यांना चढता आलेख फार आवडायचा. उतरता दाखवला की ते खिडकीबाहेर बघायचे. आम्ही बुरशीला साखरांचे प्रकार एकेक करून वाढले. ग्लुकोजवर ती खूश. फ्रुक्टोज चालून जायचं. स्टार्चवर चालढकल. नत्राच्या बाबतीत तर नखरे विचारू नका. नायट्रेट दिलं की तोंड वाकडं, अमोनियम दिलं की ताट साफ. वर माल्टचा अर्क घातला तर बघायलाच नको. बशीच्या पाठीवर मी मार्करनं कडा आखायची आणि दर वेळी कडा आधीच्या रेषेच्या पुढे गेलेली असायची. खालची खळ चहासारखी तपकिरी व्हायची, ते तिचं मजेत असल्याचं लक्षण. आई अकोल्याहून फोनवर विचारायची, "काय जेवली आज तुही बुरशी?" आणि मीही जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगायची.

साहजिक, पुढची प्रत्येक बशी मी आधीच्या सर्वांत भरलेल्या बशीतून घ्यायची. पातळ अन्नावरची वाढ रडकी, तिच्यातून तुकडा कशाला घ्यायचा? जास्त वाढतं ते चांगलं, हे आमच्याकडे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. बाळ, वासरू, कपाशी, सगळ्यांना हाच नियम आहे. सर म्हणाले, "आता हेच माध्यम कायम ठेवा." मी ठेवलं. प्रश्नच तो होता.

एका दुपारी मामांचा फोन आला. "झाडं गेली वं."

"कोनती?"

"कोनती म्हंजे? आपली."

गावचा रस्ता रुंद होत होता आणि मामींची रांग रस्त्याच्याच अंगाला होती. मोजणी झाली, खुणा झाल्या, माणसं आली, झाडं पडली. कुणाला शिव्या घालाव्या तर तशीही सोय नव्हती. रस्ता सगळ्यांनाच हवा होता, मामांनाही. मी गेले तेव्हा जेसीबीनं बुंधे मुळासकट उपटून नेले होते, वर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. मी वेड्यासारखी त्या मुरमात काडीनं उकरत राहिले, एखादं बोटभर मूळ सापडावं म्हणून. रोलरवाला मशीन बंद करून माझी गंमत बघत बसला.

मामांनी मला हाताला धरून उठवलं. "चाल. तुह्यापाशी हाय ना पन?"

"हाय."

"मंग चिंता नाई."

त्या दिवशी बसमध्ये मला भीतीही वाटली आणि खरं सांगायचं तर ताठाही आला. अख्ख्या धुऱ्याचा जीव आता माझ्या काही बशांमध्ये होता.

पुढचा उन्हाळा आमच्याकडच्या उन्हाळ्यालाही शोभेल असा होता. कॉलेजला सुट्ट्या लागल्या. थंड-गरम राखणारं आमचं कपाट बंद करायचं ठरलं. मग मी चांगल्या बशा थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये रचल्या आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला निघाले. डबा मांडीवर. समोरची बाई पूर्णवेळ त्या डब्याकडे बघत होती. मूर्तिजापूर गेल्यावर तिला राहवलं नाही. "कुल्फी हाय का वं?" मी म्हटलं, बुरशी आहे. ती पोरांना घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. अकोल्यात आमच्या देवघराच्या खोलीत एसी बसवलेला आहे, कारण ती खोली सगळ्यांत लहान. तिथे देव आणि बुरशी अशी दोघांची सुट्टी गेली.

जुन्या नळ्या, सुरुवातीच्या वाढीतून राखून ठेवलेल्या, पातळ अन्नावरच्या, विभागाच्या फ्रीजमध्ये होत्या. फ्रीज थंडच असतो, त्यांना काय होणार? सुट्टी संपून दार उघडलं तर वासानंच कळलं. फ्रीजची वायर कधीतरी जळली होती, आणि आत सगळीकडे काळी बुरशी मखमलीसारखी पसरली होती. माझी एकही जुनी नळी वाचली नाही. शिपायाचा दोष नाही, सरांचा नाही. बंद खोलीत वायर जळते ती कुणाला सांगून जळत नाही. सर म्हणाले, "नशीब, चांगल्या प्लेट्स तुम्ही घरी नेल्या होत्या." मलाही तेव्हा अगदी तसंच वाटलं.

पावसाळ्यात कॉलेजमागच्या हिरव्या जाळीखाली मी रोपं तयार केली, मुळाशी भरभरून बुरशी दिली आणि छोट्या टेम्पोनं मामांकडे नेली. मामांनी खड्डे आधीच करून ठेवले होते. या वेळी खत नाही, मोजमाप नाही. ते म्हणाले, "या वेळी म्या तिच्यासारखंच केलं. उथय." नळाचं गोडं पाणी घरून कॅनमध्ये भरून सायकलला टांगून न्यायचे. रोज फोन. "दोन पानं आली." "आज टवटवीत हाय." मग फोनवरच्या बातम्या थोड्या आखूड झाल्या. मग, "पिवयी पडून राहिली वं." पानांच्या कडा करपल्या. उन्हाळा यायच्या आत धुऱ्यावर काड्या उभ्या होत्या.

मी जाऊन रोपं खणून काढली. मुळं पाण्यात धुतली, अमरावतीला आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मुळं नागडी होती. एकही मोजा नाही.

प्रयोगशाळेत पुन्हा नळ्या लावल्या. तीच बुरशी, तेच निलगिरीचं रोप, सगळं निर्जंतुक, सगळं काळजीनं. बुरशी छान वाढली. मुळापर्यंत गेली, मुळाला टेकली, मुळाच्या अंगावरून पुढे निघून गेली. धरलं नाही. मी परत केलं, परत तेच. मुळाशेजारी ती ओसरीवरच्या परक्या माणसासारखी पसरलेली असायची, आणि रोप तिच्यादेखत सुकायचं.

असं होतं, हे माहीत असलेल्यांना माहीत असतं. अशा काही बुरशा वर्षानुवर्षं बशीत, तयार अन्नावर राहिल्या की मुळाला धरायचं सोडतात. पुस्तकात एक ओळ असते त्याबद्दल. माझ्या बुरशीचं असं भरल्या ताटानं झालं, की पिढ्यांमागून पिढ्या झाडाशिवाय काढल्यानं, की नुसतं वय झालं, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला नाही माहीत. आणि माहीत असतं तरी काय केलं असतं? जुनी नळी नव्हती. झाड नव्हतं.

मी काय काय केलं ते लोकांना सांगितलं की ते "अरे वा, चिकाटी" म्हणतात, तेव्हा मला त्यांना मारावंसं वाटतं. मी तिला अर्धपोटी ठेवलं. मग पावपोटी. अमोनियम तोडलं, साखर तोडली. ती बारीक झाली, विरळ झाली, पण मुळाला धरलं नाही. उपाशी ठेवून काही आठवत नाही, फक्त उपाशी राहतं. मुळांचा अर्क पाजला. अचलपूरच्या त्या शाळेत गेले. जुन्या निलगिरींच्या जागी आता सभागृह आहे आणि भोवती पेव्हर ब्लॉक बसवलेत, कोपऱ्यात कुंडीतले पाम. पहिल्या गोळ्यांपैकी एक नमुना म्हणून पाकिटात ठेवला होता. तो तेव्हाच नियमाप्रमाणे ओव्हनमध्ये खडखडीत वाळवला होता, आणि त्याची भुकटी मुळांशी घालून बघितली तर भाजलेलं बी पेरल्यासारखं झालं. दुसरीकडच्या निलगिरीखालची दुसरी बुरशी आणली. तिनं कुंडीत मूळ धरलं, मामांच्या धुऱ्यावर एक उन्हाळाही काढला नाही.

आमच्या विभागातल्या एक बाई हे सगळं ऐकून हळव्या झाल्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. म्हणाल्या, "बघा ना, आपल्या मुलांसारखंच. भरपूर दिलं आणि मुळं विसरली." मी म्हटलं, "मॅडम, ती बुरशी आहे. तिला फोन करता येत नाही. तुमच्या मुलाला येतो." त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बरं झालं. ज्याला त्याला माझ्या बुरशीतून बोध काढायचा होता, आणि मला फक्त ती परत हवी होती.

पीएच.डी. मात्र झाली. का नाही होणार? प्रश्न होता कशावर सगळ्यांत जास्त वाढते, आणि आलेख सरळ वर जात होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बशांचे फोटो बघून "सुंदर वाढ" म्हटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी थँक्यू म्हटलं. घरी आईनं पेढे वाटले आणि मी ते खाल्लेही. आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि वेळ मिळेल तेव्हा बुरशी जुन्या बशीतून नव्या बशीत हलवते. बुरशी जगवायची तर ते करावंच लागतं. कशासाठी जगवायची, असं सरांनी एकदा विचारलं. मी पुढची बशी उघडली. ते चांगले आहेत, पुन्हा विचारलं नाही.

मामांना मी हे फोनवर सांगू शकले नव्हते. दर फोनवर ते विचारत, "कशी हाय?" आणि मी म्हणे, "वाढून राहिली." हे खोटं नव्हतं, त्यामुळे जास्तच त्रास व्हायचा. ते पुढचे खड्डे करून ठेवतील, कॅन धुऊन ठेवतील, हे मला दिसत असायचं.

गेल्या हिवाळ्यात मामा डोळे दाखवायला अमरावतीला आले आणि तिथून विभागात येऊन उभे राहिले. हातात पिशवी. पिशवीत आईसाठी मुगाचे पापड आणि माझ्यासाठी धुऱ्यावरची माती. "म्हटलं हे माती तिले वळखीची हाय, उपेगी पडीन." मी मातीची पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

मग मी त्यांना बशी दाखवली. काठोकाठ भरलेली, सोनेरी, जाड, मखमली, खाली तपकिरी रंग उतरलेला. मामांचा चेहरा उजळला. "माय वं! कशी भरली हाय!" त्यांनी बशी दोन्ही हातांत धरली, झाकण उघडू नये हे त्यांना मी सांगायच्या आधीच कळलं होतं. आणि तेव्हा मला वाटलं की आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही.

मी दोन सूक्ष्मदर्शक शेजारी-शेजारी लावले. एकाखाली ती पहिली, जपून ठेवलेली काचपट्टी, सोनेरी मोजेवाली. दुसऱ्याखाली आत्ताची. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आधी एकात बघितलं, मग दुसऱ्यात. परत पहिल्यात. जन्मभर मुलांच्या पाट्या तपासलेला माणूस. घाई नाही.

"हे पयली?"

"हो."

"आन हे आताची. एकच हाय ना दोन्ही?"

"एकच हाय, मामा."

"मंग इथं धरून काहून नाई राहिली?"

मी सगळं सांगितलं. झाडं, नळ्या, फ्रीज, अन्न, उपास. जितकं साधं सांगता येईल तितकं. ती आता मुळाला ओळखत नाही, असं मी शेवटी म्हटलं. हे वाक्य मी प्रयोगशाळेत हजारदा वापरलं होतं, आणि मामांसमोर ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. मी म्हटलं, "मामा, माह्याच्यानं काही नाई होऊन राहिलं. सारं करून पाह्यलं. धुऱ्यावर झाडं नाई होत आता."

मामा स्टुलावर बसले. बशी अजून त्यांच्या हातातच होती. बाहेर मैदानावर पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालू होता. मला वाटलं ते आता धुऱ्याबद्दल काही विचारतील, किंवा मला समजावतील, आणि दोन्ही मला सोसलं नसतं.

ते म्हणाले, "जेवते ना पन?"

"काय?"

"जेवते ना, म्हटलं?"

"जेवते, मामा. बराबर जेवते."

त्यांनी मान हलवली. बशी उजेडाकडे धरून एकदा खालून बघितली, अंगठ्यानं काठ पुसला, आणि माझ्या हातात परत दिली.

"मंग दे तिले. टाइम झाला असंन."

टाइम खरंच झाला होता. जुन्या बशीतलं अन्न संपत आलं होतं. मी हात पुसले, दिवा लावला, सुई लाल करून थंड केली आणि काठाचा छोटा तुकडा उचलून नव्या बशीच्या मधोमध ठेवला. तेच ग्लुकोज, तेच अमोनियम, माल्टचा तोच अर्क, तिच्या आवडीचं सगळं. मामा निर्जंतुक पेटीच्या काचेपलीकडून वाकून बघत होते.

"येवढंसंच?" ते म्हणाले. "आनखी वाढ ना थोडं."